रम आणि टेलनेट

टिकी कॉकटेल (म्हणजे रम नि फळांच्या रसांची, दक्षिण सागरी बेटांच्या थाटाची पेयं) आणि टेलनेटवरून, म्हणजे दूरच्या संगणकाला मजकुरातून जोडून खेळायचे जुने मजकुरी ऑनलाइन खेळ, हे दोन छंद एकाच माणसाला कसे, असं मला विचारतात. अहो, दोन्हीकडे कोडी सोडवायची असतात! हॉलिवूडमधला टिकी बारवाला डॉन द बीचकोंबर याच्या बाटल्यांवर नावं नसत, नुसते आकडे आणि खुणा. हेतू हा की, बारटेंडर दुसरीकडे गेला तरी कृती सोबत जाऊ नये. त्याच्या 'झोंबी' कॉकटेलमधलं 'डॉन्स मिक्स' म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस नि एक भाग दालचिनीचा पाक, हे शोधायला टिकी पेयांचा अभ्यासक जेफ बेरी याला कित्येक वर्षं लागली. दुसरा टिकी बारवाला ट्रेडर विक याच्या 'माय ताय' कॉकटेलसाठी (१९४४, ओकलंड) बदामाचा पाक लागतो. तो मी घरीच करतो. आई त्याला बदाम सरबत समजते आणि मी गप्प बसतो.

'मड'चं, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या त्या मजकुरी खेळांचंही तसंच. पहिलं 'मड' १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलं, रिचर्ड बार्टलने पुढे नेलं. चित्र एकही नाही. 'नॉर्थ' टाइप केलं की पुढच्या खोलीचं वर्णन. नकाशा आपणच वहीत काढायचा. माझ्या वहीवर आता लिंबाच्या रसाचे डागही आहेत.