नागपूर ते आयोवा : स्वाती दांडेकर
पैशाशिवाय अमेरिकेत आपल्या माणसाला राजकारण जमत नाही असं म्हणताय, पण नागपूरच्या स्वाती दांडेकरांचं बघा ना, त्यांची सुरुवात गावच्या स्कूल बोर्डापासून झाली, शाळांचं बजेट वगैरे, आणि मग २००२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून थेट अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विधानसभेत, तेही बहुतांश गोऱ्या मतदारांच्या जोरावर! २००८ ला राज्याच्याच सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, निवडून आल्या. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरने वीज-गॅसच्या दरांवर देखरेख करणाऱ्या बोर्डावर नेमलं म्हणून सीट सोडली, तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ अन् रिपब्लिकन २४, म्हणजे एका सीटवर बहुमत अडकलेलं. पक्षाने ती पोटनिवडणुकीत राखली खरी, पण सीट सोडण्याचा त्यांचा तो निर्णय मला अजून खटकतो. तरी बाईंबद्दल मनापासून आदर आहे, २०१४ ला अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक (प्रायमरी) हरल्या आणि नंतर ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर पाठवलं.