प्रतिसाद: जुन्या वाड्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा

वर कोणीतरी विचारलंय की कंत्राटदार चुन्याच्या गिलाव्याचा दर सिमेंटपेक्षा इतका जास्त का लावतो. साहित्यापेक्षा जास्त पैसे कामाला लागणाऱ्या दिवसांत जातात. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विझवून किमान 3 आठवडे पाण्याखाली मुरवावी लागते. अर्धवट विझलेले खडे भिंतीत गेले की नंतर फुगतात आणि गिलाव्याला बारीक खळगे पडतात. प्रमाण साधारण 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली, थोडी खरबरीत वाळू. एका थराची जाडी 10-12 मिमीच्या वर जाऊ नये. भिंत आधी भिजवायची, आणि नंतर आठवडाभर ओलसर ठेवायची. कडक उन्हात घाई केली तर भेगा ठरलेल्या.

माती-चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट लावलं तर ओल आतच कोंडते, क्षार फुटतात, पोपडे सुटतात. वरून प्लॅस्टिक इमल्शन रंग मारला तरी तेच, म्हणून चुन्याची सफेदीच करा.

गिलाव्याचं काम करणाऱ्या कारागिराने दर देण्याआधी त्याच भिंतीवर 2 बाय 2 फुटांचा नमुना करून, तो पूर्ण वाळल्यावर दाखवावा. ओला चुना गडद दिसतो. त्या रंगावर होकार घेतला तर वाद होणारच. नमुन्याचे पैसे वेगळे मागणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.