छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले दिवस : तुमचे अनुभव लिहा

परवा भाचीने विचारलं, "मामा, हिंजवडीतली मोठी कंपनी घेऊ, की आपल्या गल्लीतली आठ जणांची?" मला धड उत्तर देता येईना, म्हणून हा धागा. पंचवीस-तीसच्या आत माणसं असलेल्या ठिकाणी काम केलं असेल तर लिहा. पगार, साहेब, गिऱ्हाईक, सगळं येऊ द्या. फक्त कंपनीचं नाव नको.

सुरुवात मी करतो. कोल्हापुरात सहा वर्षं गावोगावच्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करायचो. ऑफिस म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, सर्व्हर स्वयंपाकघरात. प्रोग्रॅम लिहिणारा मी, तपासणारा मी आणि पहाटे साडेपाचला फोन उचलणाराही मीच, कारण दूध तेव्हाच येतं. "साहेब, फॅट येईना झालंय!" म्हणजे मशिनवरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये उतरत नाही, आणि बाहेर किटल्या घेऊन रांग उभी. एकदा दरपत्रकात माझ्याकडून एक ओळ सरकली. ८.४ एसएनएफच्या (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दुधाला ८.५ चा दर लागला. दहा दिवसांचं बिल वाटून झाल्यावर उघडकीला आलं. सचिव ओरडले नाहीत. मला गाडीवर मागे बसवून गावात नेलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा लोकांना, पैसे का कापायचे ते." त्यानंतर दरपत्रक बदललं की वीस दर कागदावर हाताने काढायचो, मगच पुढे पाठवायचो.

पुण्याहून :
आमची कंपनी दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर करायची, सरांच्याच बंगल्याच्या तळमजल्यावर. ३० जून २०१७ ची रात्र मी विसरणार नाही. बारा वाजता जीएसटी सुरू. व्हॅट काढून ५, १२, १८, २८ बसवायचे, शिवाय एचएसएन कोडची, म्हणजे प्रत्येक मालाच्या वर्गाच्या नंबरांची, खोगीरभरती. पहाटे तीनला सरांच्या आईंनी पोहे पाठवले. पुढचे पंधरा दिवस फोनवर एकच प्रश्न, "ताई, खोबरेल तेल कशात टाकू?"
सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ चे टप्पे निघाले तेव्हा मी दुसरीकडे होते. तरी फोन केला, "सर, येऊ का?" म्हणाले, "ये. पण आता पोहे हॉटेलचे."

ठाण्याहून :
गोडवे पुरे झाले. आमच्याकडे कायम एकोणीस माणसं. वीस झाली की पीएफ लागू होतो, म्हणून विसावा माणूस नेहमी 'कन्सल्टंट'. पगाराची तारीख सात, यायचा बावीसला, तोही दोन हप्त्यांत. पुढे मोठ्या कंपनीत निवड झाली, तर पडताळणीत माझा पीएफच सापडेना. बँकेची स्टेटमेंटं दाखवून चार वर्षांची नोकरी सिद्ध केली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. पाचवं भरत आलं तशी साहेबांना मंदी आठवली होती. भाचीला म्हणावं, गोड बोलण्यावर जाऊ नकोस, फॉर्म १६ मिळतो का ते विचार.

नाशिकहून :
२४ मार्च २०२० ला रात्री आठला लॉकडाऊनची घोषणा झाली. बाराच्या आत आमच्या साहेबांनी छोटा हत्ती करून सगळ्यांच्या घरी कॉम्प्युटर पोचवले. नंतर पगार अर्धा झाला, पण एक तारखेला.

ठाण्याहून :
असे साहेब कुठे मिळतात? बरं, भाचीचं काय ठरलं?

धागाकर्ता :
काल पीएफचं विचारायला गेली होती. नाहीये. पण "मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं," म्हणते.