चूक एकाची आणि शिक्षा १८ जणांना, हे परदेशातील अभ्यासदौऱ्यात योग्य आहे का?

एक पालक, जुळे सोलापूर

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या जूनमध्ये तिच्या महाविद्यालयाचे १८ विद्यार्थी २ प्राध्यापकांसह ६ आठवड्यांसाठी जर्मनीतील आखेनला जाणार आहेत. पालकसभेत आमच्यासमोर हमीपत्र ठेवण्यात आले. मद्यपान करायचे नाही, रात्री ९ नंतर वसतिगृहाबाहेर राहायचे नाही, एकट्याने कोठेही जायचे नाही, इथवर माझी तक्रार नाही. मात्र शेवटचे कलम असे आहे की, एकानेही नियम मोडला तर त्या आठवड्याची सहल सर्वांसाठी रद्द होईल. विशीतल्या मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला लावणारा हा नियम मला पटत नाही आणि म्हणून मी अद्याप सही केलेली नाही.

निवृत्त प्राध्यापक, होटगी रोड

मी स्वतः असे दोन गट नेले आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आखेनच्या अगदी कडेला नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा आहेत. तेथे कायमचे नाके नाहीत आणि शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, पलीकडे जाण्यास बंदीही नाही. आमचा एक विद्यार्थी कोणालाही न सांगता बसने पलीकडे गेला, त्याचा मोबाइल बंद पडला आणि रात्री ११ वाजेपर्यंत आम्ही पोलिसांना कळवावे की नाही या विवंचनेत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीची कारखान्याची भेट सर्वांचीच हुकली. शिक्षा कोणी ठोठावली नव्हती. गटात राहणे म्हणजे काय ते त्या दिवशी मुलांना आपोआप कळले. दुसऱ्या गटातील मुलांनी रात्री खोलीत मिरचीची फोडणी दिली, धूरसूचक यंत्र वाजले आणि अग्निशमन दल दारात येऊन उभे राहिले. यजमानांनी त्या मुलांची नावे लक्षात ठेवली नसतील, पण ‘भारतातून आलेला गट’ नक्की ठेवला असेल. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांचे दार त्यावरच उघडते किंवा बंद होते.

आखेनमध्ये शिकणारा सोलापूरकर

सर, आपला अनुभव मी नाकारत नाही, पण हमीपत्र लिहिणाऱ्यांनी येथील जून पाहिलेला दिसत नाही. या दिवसांत येथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे ९ ची मर्यादा म्हणजे भर उजेडात मुलांना कोंडून ठेवणे होय. याउलट जे खरोखर पाळायला हवे त्याचा हमीपत्रात उल्लेखच नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकण्याचा आवाजसुद्धा रविवारी चालत नाही. लाल दिवा असताना पायी रस्ता ओलांडला तर ५ युरो दंड होतो. मद्याचेही तसेच: येथील कायदा १६ व्या वर्षापासून बिअरला परवानगी देतो, म्हणून बंदी घालायचीच असेल तर ती महाविद्यालयाची अट आहे असे स्पष्ट सांगावे, कायद्याची भीती दाखवू नये. आणि माझ्या मते गटाचा खरा उपद्रव वेगळाच आहे. १८ जण एकत्र चालताना सायकलींची पट्टी अडवतात, बसमध्ये सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे असल्यासारखे मोठ्याने बोलतात आणि ६ आठवड्यांत एकाही जर्मन विद्यार्थ्याशी पोटभर गप्पा मारत नाहीत. ‘एकट्याने जायचे नाही’ या नियमाने हेच पक्के होते.

एक आई, अशोक चौक

९ ची मर्यादा मुलगे आणि मुली दोघांना सारखीच आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. आमच्याकडच्या पत्रात मुलींना ७ ची वेळ होती आणि तिचे कारण कोणीही दिले नाही.

वाचनालयातला एक सभासद

आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेथली भाषा शिकले, तेथल्या लोकांत राहिले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. ते पथकाच्या चौकटीतच राहिले असते तर आज आपण त्यांचे नाव घेतले असते का?

निवृत्त प्राध्यापक, होटगी रोड

कोटणीस गेले तेव्हा ते शिकून डॉक्टर झालेले होते, विद्यार्थी नव्हते, आणि त्या पथकालाही डॉ. अटल हे प्रमुख होते. तरीही वेळेबाबतचा मुद्दा मी मान्य करतो. ९ ऐवजी साडेदहा करावे आणि तिघांनी मिळून, कोठे जातो हे लिहून ठेवून, जाण्यास मोकळीक द्यावी. सामूहिक शिक्षेचे कलम मात्र मी काढणार नाही.

एक पालक, जुळे सोलापूर

वेळेचा बदल आणि तिघांचा नियम मी लेखी सुचवतो. मुलगे आणि मुलींना एकच वेळ असावी, हेही त्यात घालतो. शेवटच्या कलमाबाबत आपले एकमत होणार नाही, असे दिसते. फोडणी ज्याने दिली त्याच्याकडून खर्च वसूल करा, त्याला मागे पाठवा, माझी हरकत नाही. पण त्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलीची सहल का रद्द व्हावी, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत सही थांबलेलीच राहील.