मदत हवी आहे: १९३१ मधला फिल्मचा डबा कसा असायचा?

आमच्या सोलापुरातल्या शाळेत सातवीची मुलं नाटिका बसवताहेत: काळयंत्रातून मागे जायचं आणि हरवलेली एकच वस्तू आणायची. मयूरासन सुचलं होतं (१७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीहून नेलं), पण ते धूड स्टेजवर मावणार नाही. ठरला ‘आलम आरा’. पहिला भारतीय बोलपट, १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. आज एकही प्रत उरलेली नाही. फोटो आहेत, आवाज कायमचा गेला, याची फार हळहळ वाटते.

मधल्या मारुतीजवळ पत्र्याचे गोल डबे मिळाले, पण ते फरसाणाचे दिसतात. नेटवर सगळे नंतरच्या काळातले. खरं जुनं रीळ नकोच, नायट्रेट फिल्म भसकन पेटते.

जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर असलेलं कुणी सांगेल का: एका डब्यात एकच रीळ असायचं का, आणि झाकणावर नंबर रंगाने घालायचे की चिठ्ठी डकवायचे?