पावसाळ्यात सड्यावर बाइक नकोच: 'डोंगर कुणाच्या बापाचा नाही' म्हणणाऱ्यांसाठी

कातळवेडा

गेल्या आठवड्यात 'थ्रॉटल तात्या' यांनी इथे लिहिलं की साताऱ्यातल्या पाटणच्या वरच्या अंगाला एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, गावकऱ्यांनी त्यांचा ग्रुप अडवला, बाइकच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि तासाभराने 'परत येऊ नका' म्हणून सोडून दिलं. किल्ल्या काढून घेणं मलाही पटत नाही. पण पुढचा सगळा मजकूर काय, तर 'डोंगर कुणाच्या बापाचा नाही', 'ट्रेकरला चालतं मग आम्हालाच का नाही', 'बंदी मागणारे सगळे एसीत बसून निसर्गप्रेम करतात'. खाली शाबासक्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

तात्या, सडा म्हणजे ओसाड माळ नव्हे. जांभ्याच्या कातळावर माती असते ती कुठे बोटभर, कुठे वीतभर, आणि बऱ्याच ठिकाणी नसतेच. त्या एवढ्याशा मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा पावसाबरोबर उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत संपतात. पुढच्या वर्षीचं सगळं त्या बियांवर. ओल्या सड्यावरून जाड गुट्ट्यांचा नॉबी टायर गेला की चर पडतो. नुसता ठसा पडून थांबत नाही, उताराला पाणी तोच चर धरतं आणि माती घेऊन जातं. मग खाली तांबडा कातळ उघडा पडतो. जिथे पाणी साठून वायतुरा ही पाणवनस्पती यायची ते डबकं चरातून रिकामं होतं. वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवर सोडला तर जगात कुठे नाही.

डबक्यांवरून आठवलं. आंबोलीचा टोड, एक बेडूकच, शास्त्राला कळला २००९ साली. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात तो अंडी घालतो ती जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत. गुडघ्यावर बसून वाकलात तर काळे ठिपके दिसतात, उभ्याने दिसत नाहीत, सीटवरून तर नाहीच. रीलमध्ये पाणी उडवायला तुम्हाला आवडतात ती अशीच डबकी.

मागणी सरळ आहे. जून ते ऑक्टोबर, बांधीव रस्ता सोडून सड्यावर इंजिन नको. बारमाही बंदी मी मागतच नाहीये.

थ्रॉटल तात्या

वा. पीएचडी झाली का पूर्ण?

आता माझं ऐका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वनकुसवडे, चाळकेवाडीच्या सड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकेका पात्यासाठी ट्रेलर वर गेले, क्रेन गेल्या, त्यांच्यासाठी बारा-पंधरा फुटी रस्ते कातळ फोडून केले. तेव्हा तुमचा वायतुरा सुट्टीवर होता का? आम्ही बहुतेक वेळा त्याच सर्व्हिस रोडने जातो. बुलडोझर चालतो, दीडशे किलोची बाइक चालत नाही!

दुसरं. माझी बाइक रजिस्टर आहे, विमा आहे, सायलेन्सर कंपनीचाच आहे. २०१६ला हिमालयन बाइक आली, २०१९ला एक्सपल्स आली, तेव्हा कुठे आमच्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांना हा खेळ परवडायला लागला. सी. एस. संतोष २०१५ला डकार रॅलीला गेला, हरिथ नोआने २०२४ला डकारमध्ये रॅली-२ गट जिंकला, की सगळे 'इंडिया इंडिया' करतात. ही पोरं सराव कुठे करणार? लक्ष्मी रोडवर?

मंजिरी_कोथरूड

सायलेन्सर कंपनीचाच आहे म्हणे. तात्यांचा असेल. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी आईला घेऊन जाते मी, तिचे दोन्ही गुडघे बदललेत. मागच्या पावसाळ्यात वळणावरून दोन पोरं अंगावर आली, आई कारवीच्या झुडपात गेली. पोरं थांबली नाहीत. फाटकापाशी जो कर्मचारी होता त्याला सांगितलं तर म्हणतो, 'मॅडम, आम्ही पायी, ते गाडीवर, पकडू कसं?' २०२३ला बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात आम्ही टेकडीसाठी मोर्चा काढला तो काय यांना ट्रॅक मोकळा राहावा म्हणून?

चिखलफेक_२००

ताई, हा धागा साताऱ्याचा आहे. टेकडीचं तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

मंजिरी_कोथरूड

तुमच्या नावातच सगळं आलं.

पंखावाला

पवनचक्क्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी त्या क्षेत्रात नोकरी केलेली आहे. ज्या विजेवर तुम्ही सगळे हे टाइप करताय तिचा मोठा वाटा या राज्यात अजून कोळशाचा आहे. पवनचक्कीला रस्ता लागतो तो एकदा. त्याची तुलना दर रविवारी मजा मारायला येणाऱ्यांशी करू नये. आणि सरसकट 'निसर्गाचा नाश' म्हणणाऱ्यांनी चाळकेवाडीवर झालेला २०१८चा अभ्यास वाचावा. पंखे असलेल्या भागात सरड्यांची संख्या जास्त निघाली. जास्त!

कातळवेडा

अर्धाच वाचलात की अर्धाच सांगताय? सरडे का वाढले ते त्याच अभ्यासात आहे. पंख्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी झाले. खाणारं कोणी उरलं नाही म्हणून सरडे वाढले, आणि जे वाढले ते अंगाने खालावलेले. अन्नसाखळीचा एक मजला काढला की वरचा-खालचा सगळा हिशेब बदलतो, हे त्या अभ्यासाचं म्हणणं. तुम्ही त्यातून अभिनंदनाचं पत्र काढलंत.

पंखावाला

म्हणजे कोळसा जाळा. ठीक आहे.

कातळवेडा

मी कोळसा जाळा कधी म्हणालो? दाखवा ओळ.

सड्यावरचा

आमचं गाव त्याच बाजूला. पंख्याचं आणि सरड्याचं तुमचं चालू द्या, पण आमच्याकडं काय झालं ते कुणी विचारलं न्हाई म्हणून सांगतो.

पंखं आलं तेव्हा आमच्या चुलत्यानं सड्याची जमीन दिली. तेव्हा सगळं म्हणायचं, कातळ हाय, पिकत काय न्हाई, घे येतील ते पैसं. घेतलं. पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून सांगितलं होतं. एका पोराला लागली, वॉचमनची, ती बी ठेकेदाराकडं. पंखा रात्रभर घरघरतोय आणि गावात लोडशेडिंग. आता ते गुळगुळीत रस्तं झालं म्हणून पुण्या-मुंबईच्या गाड्या वर यायला लागल्या. रस्ता नव्हता तेव्हा वर फक्त आमची गुरं आणि धनगर. तात्या म्हणतात त्यात तेवढं खरं हाय, रस्ता तुमी केला न्हाई. पण त्या रस्त्यानं येऊन तुमी रस्त्यावर ऱ्हात न्हाई.

किल्ल्या का काढल्या ते तात्यांनी लिहिलं न्हाई. सड्यावर कुरणाला दगडाचा गडगा हाय, आज्ज्याच्या वेळचा. त्यातनं गुरं आत जाऊ नयेत म्हणून आमी दिवाळीपर्यंत गवत राखतो, मग कापतो, त्यावर उन्हाळा काढायचा. ह्यांच्या ग्रुपमधल्या एकानं गडग्याचं दगड काढून फळी टाकली, उडी मारायला. व्हिडिओ बी काढला. दुसऱ्या दिवशी बारा-तेरा जनावरं आत. आता सांगा, किल्ल्या काढल्या त्यात चुकलं काय?

चिखलफेक_२००

रॅम्प होता तो. दगड परत लावले असते आम्ही, तुम्ही आधीच अंगावर धावून आलात.

सड्यावरचा

लावलं असतं न्हवं, लावायचं.

थ्रॉटल तात्या

गडग्याचं मला माहीत नव्हतं, तो मुलगा आमच्यात नवीन होता. पण म्हणून सगळ्या रायडर्सना बंदी? एका ट्रेकरने गडावर नाव कोरलं की सगळ्या ट्रेकर्सना बंदी करता का? कळसूबाईवर रविवारी लोखंडी शिडीपाशी जी रांग लागते ती बघा. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर बघा. कास पठारावर टोपली कारवी फुलते त्या वर्षी फुलांत लोळून फोटो काढणारे कोण असतात? बाइकवाले की चालत आलेले?

कातळवेडा

चालत आलेलेच. आणि म्हणूनच कासला गर्दीवर मर्यादा आल्या, शुल्क आलं, आसपासच्या गावांच्या समित्या राखणीला आल्या. २०१२ला जागतिक वारसा यादीत नाव गेलं म्हणून फुलं वाचली नाहीत, माणसांना अडवलं म्हणून वाचली. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, धन्यवाद.

सातबारा

कास राखीव वन आहे म्हणून ते जमलं. राखीव वनात विनापरवाना घुसणं १९२७च्या वन कायद्यात कलम २६खाली गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तिथे नवी बंदी मागायची गरजच नाही, असलेली पाळा. खरा घोळ आहे तो मालकीच्या आणि गायरानाच्या सड्यांचा. तिथे वनखातं हात वर करतं, महसूल खातं वनखात्याकडे बोट दाखवतं, आणि मग गावकरी किल्ल्या काढतात. ग्रामसभेचा ठराव करा, तालुक्याला द्या, पाटी लावा. कंटाळवाणं आहे, पण किल्ल्या काढण्यापेक्षा टिकाऊ आहे.

सड्यावरचा

पाटी लावली होती साहेब. पाटीवर उभं राहून फोटो काढत्यात.

पर्थकर

मी मूळचा कराडचा, सध्या ऑस्ट्रेलियात पर्थला. इथे ऑफ-रोड गाड्यांसाठी १९७८पासून वेगळा कायदा आहे. सरकारने जागा आखून दिल्यात. शहराच्या उत्तरेला पिंजार म्हणून पाइनच्या लागवडीत मोटारसायकलींसाठी जागा आहे, मुलाला घेऊन मी तिथेच जातो. इतर जंगलात ट्रेल बाइक वाटेल तिथे घातली तर दंड. चिखलाचंही कडक आहे, कारण चाकाला लागलेल्या मातीतून मुळं कुजवणारा रोग पसरतो आणि जॅरा, बँक्सियासारखी झाडं उभीच्या उभी वाळतात. काही वाटांवर बूट घासून पुढे जायचं असतं. आपल्याकडेही अशी जागा दिली तर रायडर सड्यावर जाणार नाहीत.

मंजिरी_कोथरूड

आले, बूट घासून आले! काका, इथे फूटपाथवरून गाड्या जातात. तुमचं ते पिंजार इथे आणलं तर पहिल्या महिन्यात तिथे वडापावच्या गाड्या आणि दुसऱ्या महिन्यात प्लॉटिंग.

पर्थकर

मी फक्त माहिती दिली. परदेशात राहतो म्हणून बोलायचं नाही का?

चिखलफेक_२००

काकांना बोलू द्या, पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. जागा द्या, आम्ही जातो. पण कुठे? प्रत्येकाला जागा हवी दुसऱ्याच्या गावात.

सड्यावरचा

आमच्या गायरानावर नको. आधीच सांगून ठेवतो.

कातळवेडा

बंद पडलेल्या दगडखाणी आहेत की. वाघोलीकडे बघा, मोशीकडे बघा. डोंगर आधीच खाऊन झालेला, वायतुरा नाही, टोड नाही, गडगा नाही. चढ, उतार, खडी, पाणी, सगळं तयार. मालकाशी करार करा, हेल्मेट-अँब्युलन्सची सोय करा, तिकीट लावा. बारा महिने चालवा, मी स्वतः येऊन टाळ्या वाजवीन.

थ्रॉटल तात्या

खाणीत! म्हणजे आम्ही धूळ खायची आणि तुम्ही सड्यावर फुलं बघायची. सह्याद्रीत राहून सह्याद्री बघायचा नाही, हा न्याय भारी आहे. ढगातून सड्यावर गाडी काढली की काय वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही.

कातळवेडा

चालत गेलं की पण ढगच असतात, तात्या.

थ्रॉटल तात्या

माझा घोटा मोडलेला आहे, आत प्लेट आहे. एका दमात डोंगर चढणं मला आता जमत नाही. बाइक आहे म्हणून मी वर जातो. 'चालत या' म्हणणं सोपं असतं.

मंजिरी_कोथरूड

हे खरं असेल तर वाईट वाटलं. पण माझ्या आईचे गुडघेही खरेच आहेत. आणि तुम्ही रस्त्याने वर जा ना, तुम्हाला रस्त्यावर कोण अडवतंय? मुद्दा रस्ता सोडण्याचा आहे.

सड्यावरचा

त्येच म्हणतोय मी केव्हापासनं. पंख्याच्या रस्त्यानं या, रस्त्यावर गाडी लावा, खाली उतरा, हिंडा. कोण काय म्हणणार न्हाई. आमच्या आळीत च्या मिळंल.

थ्रॉटल तात्या

बरं. आमच्या ग्रुपपुरतं सांगतो, ऑक्टोबरअखेरपर्यंत सर्व्हिस रोड सोडायचा नाही. कातळवेड्यांच्या बेडकासाठी नाही हं, गावाशी भांडण नको म्हणून. आणि जीपवाले? चार चाकं, विंच, मागे डीजे, त्यांना कोण सांगणार? त्यांच्या किल्ल्या काढून दाखवा.

सड्यावरचा

काढल्या होत्या. त्यातला एक पुढाऱ्याचा भाचा निघाला. आमीच पोलीस ठाण्यात बसलो सांजपर्यंत.

सातबारा

म्हणून म्हणतो, ठराव करा. मसुदा हवा असेल तर पाठवतो.

सड्यावरचा

पाठवा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतो. जीप बी घाला त्यात.

पंखावाला

सगळं मिटलं म्हणून आनंद आहे, पण सरड्यांचं राहिलं. सरडे खालावले त्याला पंखा जबाबदार कसा? संख्या वाढली, खाणं तेवढंच, मग वाटणीत कमी आलं. त्यात पंख्याचा काय दोष?

कातळवेडा

संख्या वाढली कशामुळे, हे मी वर लिहिलंय. तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

पंखावाला

दुसऱ्यांदा पण लिहिलेलं नाही.