१.२ मिमी वायर: कॉन्टॅक्ट टिप एका शिफ्टमध्येच का जाते?

प्रश्न (फॅब्रिकेशन_शेड):
४०० अँपिअरचं मिग मशीन (गॅसच्या आवरणाखाली सतत येणाऱ्या वायरने वेल्डिंग करणारं), तांब्याचा मुलामा असलेली १.२ मिमी ईआर७०एस-६ (साध्या स्टीलची) वायर, जाड प्लेटवर २६० अँपिअरच्या आसपास काम. सीओटू सोडून ८०-२० आरगॉन मिक्सवर (८० टक्के आरगॉन, २० टक्के सीओटू) आल्यापासून टिपचं, म्हणजे वायरला करंट देणाऱ्या टॉर्चच्या टोकावरच्या तांब्याच्या नळीचं, भोक शिफ्ट संपायच्या आत लांबट होतं, मधूनच वायर टिपमध्ये चिकटते. टॉर्च एअर-कूल्ड, ३०० अँपिअरची. टिप एम६ (६ मिमी आट्यांची), साध्या तांब्याची. टिप बदलावी की टॉर्च?

वेल्डिंग_निदेशक:
वायरच्या घासण्यापेक्षा उष्णता टिप जास्त खाते. तुमचा ३०० हा आकडा बहुधा सीओटूसाठीचा असणार. आरगॉन मिक्सवर तीच टॉर्च जास्त तापते. ३०० वाली एक प्रचलित टॉर्च मिक्सवर २७० चीच धरतात, तीही ६० टक्के ड्यूटी सायकलवर, म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटंच आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) चालू. लांब सीम न थांबता मारले की तुम्ही मर्यादेबाहेर गेलात.

व्होल्टेज कमी केलंत का? मिक्सला सीओटूपेक्षा साधारण २-३ व्होल्ट कमी लागतात. जुनंच ठेवलं की आर्क लांबतो, वर चढतो आणि वायर टिपमध्ये वितळते. चिकटण्याचं कारण आधी इथेच शोधा, मग बर्नबॅक टाइम (वायर थांबल्यावरही करंट चालू राहतो तो वेळ) कमी करा. वायर १८-२० मिमी बाहेर ठेवा, आणि या करंटला टिप नोझलच्या (टिपभोवतीच्या गॅसच्या टोपीच्या) आत ३-५ मिमी हवी.

टिप क्रोम-झिरकोनियम तांब्याची घ्या, शक्यतो एम८. साधं तांबं तापल्यावर लवकर मऊ पडतं; क्रोम-झिरकोनियमचं साधारण ५०० अंशांपर्यंत कडकपणा टिकवतं. एम८ साठी होल्डरही (टिप ज्यात आवळतात तो भाग) बदलावा लागेल.

देखभाल_विभाग:
टिप हाताने आवळून सोडू नका, पान्हा लावा. स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) पाडायला नोझल जॉबवर आपटायची सवय फार वाईट. टिप त्यानेच ढिली होते. पक्कडीने स्पॅटर काढा, नोझल गरम असतानाच स्पॅटर न चिकटू देणाऱ्या जेलमध्ये बुडवा.

भोक एकाच बाजूला झिजलंय? मग लायनर (केबलमधली वायर नेणारी आतली नळी) बघा. तो आखूड कापला गेला की होल्डरपर्यंत पोचत नाही, वायर तिरकी शिरते. दर नव्या स्पूलला (वायरच्या रिळाला) वायर आणि टिप काढून लायनरमध्ये हवा मारा. सॉलिड वायरला वायर ढकलणारा रोलर व्ही-खाचेचा हवा. दाब तपासायला टॉर्च लाकडी ठोकळ्यावर टेकवून इंचिंग बटण (करंटशिवाय वायर पुढे सरकवणारं) दाबा: वायर अडली की रोलर घसरला पाहिजे. जास्त दाबाने तांब्याचा मुलामा सोलवटतो आणि तो चुरा लायनरमधून थेट टिपमध्ये जातो.

मोठ्या भोकाची टिप स्टीलला लावू नका. ती सोय ॲल्युमिनियमसाठी, कारण ती वायर तापून जास्त फुगते.

फॅब्रिकेशन_शेड:
व्होल्टेज जुनंच होतं. टिप काढल्यावर होल्डरच्या आट्यांवर काळं दिसतंय. ब्रशने साफ करून चालेल?

देखभाल_विभाग:
नाही, होल्डर बदला. काळे आटे म्हणजे टिप आणि होल्डरमध्ये ठिणग्या पडतायत. आटे खड्डे पडून खराब झालेत, नवीन टिपही त्यांत नीट बसणार नाही, ना तिची उष्णता मागे जाईल. होल्डर घेतानाच एम८ चा घ्या.

वेल्डिंग_निदेशक:
एवढं करूनही टिप लालसर होत असेल तर मात्र वॉटर-कूल्ड टॉर्चच घ्या.